अर्धी अँटेना काडीत, अर्धी पत्र्यात

गाडीत वायरलेस सेट बसवला की पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते, 'रेंज नाही.' घराच्या गच्चीवरून जो माणूस खणखणीत ऐकू येतो, तोच गाडीतून ऐकताना खरखरीत बुडालेला असतो. मग कुणीतरी सल्ला देतो, 'मोठी अँटेना घे.' मोठी अँटेना येते, गाडीला थोडा पोलिसी रुबाब येतो आणि खरखर बहुतेक वेळा होती तेवढीच राहते. टपावर दिसणारी काडी ही अर्धीच अँटेना असते, हे सल्ला देणारा सांगत नाही. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. पैसे काडीवर खर्च होतात आणि पत्र्याकडे कुणी बघत नाही.

उदाहरणादाखल हॅम मंडळींचा, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा २ मीटरचा पट्टा घेऊ. भारतात तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांमधले सेटही वर्षानुवर्षे याच्याच आसपासच्या वारंवारतांवर चालत आले, त्यामुळे इथे लागू पडते ते बहुतांशी तिथेही पडते. (परवाना नसेल तर असा सेट बाळगायचाही नसतो, बोलणे तर दूरच. परीक्षा अवघड नाही, ती द्यावी.)

सगळ्यात साध्या अँटेनाला दोन हात असतात. प्रत्येक हात लहरीच्या पाव लांबीचा आणि केबल मधोमध जोडलेली. मार्कोनीने यातला एक हात काढून टाकला आणि त्याच्या जागी जमीन वापरली. उभी तार वर, जमीन खाली, आणि काम भागले. गाडीवर हेच होते, फक्त जमिनीची भूमिका पत्रा करतो. काडीत जेवढा प्रवाह वर चढतो, तेवढाच पत्र्यावर चहूकडे पसरावा लागतो. पसरायला जागा नसली, तर तो केबलच्या बाहेरच्या अंगावरून वाट काढतो आणि सेटपर्यंत, माइकपर्यंत येऊन नसते उद्योग करतो.

मोटारीच्या टपाचा आणि रेडिओचा संबंध जुना आणि गमतीचा आहे. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसवले. नियंत्रण कक्ष बोलायचा आणि गाडीतल्या शिपायाने फक्त ऐकायचे. उलट बोलण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या पोलिसांनी केली. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या टपाचा मधला भाग कापडी असे आणि त्याला आधार म्हणून आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी. तीच जाळी रेडिओची अँटेना म्हणून वापरत. १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला आणि ही सोय बुडाली. अँटेना पायफळीखाली, म्हणजे जवळजवळ चिखलात गेली. ज्या पोलादी टपाने तेव्हा अडचण केली, तोच पुढे वारंवारता वाढल्यावर आणि काडी आखूड झाल्यावर अँटेना उभी करायला सगळ्यात चांगली जागा ठरला.

काडी किती लांब, याचे गणित तोंडी करता येते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ ला ती २.०७ मीटर. पाव लांबी ५२ सेंटिमीटरच्या जवळ. काडीला जाडी असते, टोकाशी विद्युतक्षेत्र थोडे बाहेर पसरते, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच टक्के आखूड, म्हणजे ४९ सेंटिमीटरच्या आसपास. हार्डवेअरच्या दुकानातल्या ब्रेझिंगच्या सळईची काडी उत्तम चालते.

आता पत्रा. छोट्या हॅचबॅकचा टप साधारण मीटरभर रुंद असतो. काडी मधोमध ठेवली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर पत्रा मिळतो, म्हणजे पाव लहरीइतका. जणू मारुतीच्या कारखान्यात कुणी हॅमच बसला होता! हीच काडी मागच्या डाव्या कोपऱ्यात लावली, तर अँटेना वाकड्या नजरेची होते. पुढच्या उजव्या दिशेला, जिकडे पत्रा जास्त, तिकडे जोर आणि उलट दिशेला अंधार. मागच्या बंपरवर लावली तर गाडीचे अंगच आडवे येते. पुण्याहून साताऱ्याला जाताना पुढचे स्टेशन ऐकू येत नाही आणि येताना तेच छान येते, अशी कोडी पुष्कळ वेळा इथे सुटतात.

काडी टपावर धरून ठेवणाऱ्या चुंबकाच्या बैठकीबद्दल एक शंका नेहमी निघते, की मध्ये रंग असताना पत्र्याशी जोड कशी लागते? ती थेट लागत नाही. बैठकीची चकती आणि टप यांचा मिळून एक कपॅसिटर होतो आणि १४५ मेगाहर्ट्झला तो सहज पार होता येतो. मात्र रंगावर ओरखडे नकोत म्हणून चुंबकाखाली जाड रबराचा तुकडा घालणाऱ्यांनी तो काढावा. अंतर वाढले की कपॅसिटर लहान होतो. रबराऐवजी बैठक आणि टप दोन्ही फडक्याने पुसून घ्यावे, ओरखडे काढते ती धूळ. नव्या गाड्यांच्या काचेच्या छताला मात्र इलाज नाही. तिथे चुंबक चिकटत नाही आणि खाली पत्राही नसतो. ताडपत्रीच्या टपाची जीपही तशीच. अशा गाडीवर अर्ध्या लहरीची अँटेना लावावी. ती लांब असते, पण तिला पत्र्याची गरज फारशी नसते.

ट्यूनिंगला बसण्याआधी गाडी कुठे उभी आहे ते पाहावे. पत्र्याच्या शेडखाली, सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला खेटून किंवा लोखंडी गेटाशेजारी मोजलेले आकडे रस्त्यावर गेल्यावर बदलतात. मोकळे मैदान बरे. दारे आणि डिकी बंद. सेट आणि केबल यांच्या मध्ये एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा मीटर, जोडायचा आणि तो १४५ मेगाहर्ट्झला चालणारा आहे याची खात्री करायची. स्वस्तातले बरेच मीटर २७ मेगाहर्ट्झच्या सेटसाठी बनवलेले असतात. इथे ते काटा हलवतात, पण खरे बोलत नाहीत. पाच वॅट पुरेत. आधी ऐकायचे, वारंवारता रिकामी आहे ना ते विचारायचे, आपला कॉलसाइन सांगायचा आणि मगच बटण दाबायचे.

काडी सुरुवातीला मुद्दाम लांब ठेवायची, ५२ सेंटिमीटर. १४४, १४५, १४६ अशा तीन ठिकाणी काटा वाचायचा. १४४ ला आकडा कमी आणि १४६ ला जास्त येत असेल तर काडी लांब आहे. उलट आले तर आखूड. इथे ती लांबच असणार. बैठकीचा स्क्रू अ‍ॅलन कीने सैल करून काडी आत सरकते का पाहायचे. तेवढी जागा नसेल तर कापायची. या पट्ट्यात एक मेगाहर्ट्झसाठी साधारण साडेतीन मिलिमीटर लागतात, म्हणून एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. स्टेनलेसची काडी पकडीने तोडली तर पकडीची धार जाते. कानशीने गोल खाच पाडून मोडली की स्वच्छ तुटते. टोक घासून गोल करावे, म्हणजे गाडी पुसणाऱ्याला ते टोचत नाही. प्रत्येक वेळी मोजताना काडीपासून लांब व्हायचे. वाकून निरखत राहिले तर मीटर आपल्यालाही मोजतो.

इतके करून काटा १.४ वर अडतो आणि खाली येत नाही. इथे माणसे चिडतात, आणखी मिलिमीटर-मिलिमीटर कापत बसतात. १.४ हेच बरोबर आहे. चांगल्या पत्र्यावरच्या पाव लहरीच्या काडीचा रोध सुमारे ३६ ओहम, केबल ५० ओहमची. पन्नासला छत्तीसने भागा, उत्तर १.४ च्या जवळच येते. काही कंपन्या बैठकीत छोटी कॉइल घालून तो १.१ करून देतात. दिसायला छान.

एसडब्ल्यूआरची भक्ती हा आपल्या छंदातला खरा रोग आहे, असे माझे मत. हा आकडा फक्त एवढेच सांगतो की पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरली. १.५ ला ४ टक्के, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे २ वरून १.२ वर आणायला आपण अख्खा रविवार घालवला, तर कमाई सुमारे अर्धा डेसिबल. सिग्नल मीटरवरची एक पायरी ६ डेसिबलची मानतात, म्हणजे ही कमाई पायरीचा बारावा हिस्सा. पलीकडच्या माणसाला ती कळणार नाही आणि आपल्या कानाला तर नाहीच नाही. तीच काडी बंपरच्या कोपऱ्यातून उचलून टपाच्या मधोमध ठेवली तर कानाला कळेल असा फरक पडतो आणि त्याला पाच मिनिटे लागतात. तीनच्या वर काटा गेला तर मात्र थांबावे. तेव्हा सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची काळजी असते. कित्येक सेट अशा वेळी आपण होऊन शक्ती कमी करतात.

नुसत्या चांगल्या आकड्यावर भाळू नये याचा पुरावा हवा असेल, तर अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड जोडून पाहावा. काटा एक. एसडब्ल्यूआर बिनचूक, आणि शेजारच्या गल्लीतही आवाज धड पोचत नाही. सगळी शक्ती उष्णतेत गेली.

कोकणात हा खेळ निसर्गच करून दाखवतो. पाऊस लागला, कनेक्टरमधून पाणी केबलच्या जाळीत शिरले, खाऱ्या हवेने तांबे हिरवे-काळे पडले. केबल आता शक्ती खाऊ लागते. जाताना खाते, परतताना उरलेलीतली पुन्हा खाते, त्यामुळे मीटरपर्यंत परत येणारी शक्ती कमी भरते आणि काटा पूर्वीपेक्षा चांगला दिसतो! केबलमध्ये तीन डेसिबलचा तोटा असेल, तर दुसऱ्या टोकाला अँटेनाच नसली तरी मीटर तीनच दाखवेल. म्हणून काहीच न करता एसडब्ल्यूआर सुधारला आणि ऐकू मात्र कमी येऊ लागले, की अँटेनाला हात न लावता आधी केबल बदलावी. आरजी-५८ जातीची चांगली केबल पाच मीटर असेल तर या वारंवारतेला साधारण एक डेसिबल जातो, ते चालते. सीटखाली वेटोळे करून ठेवलेली जादा दहा मीटर मात्र फुकटचा खर्च.

पाणी थांबवायची युक्ती सोपी आहे. केबल दारातून आत जाण्याआधी खाली लोंबती ठेवून मग वर घ्यायची. पाणी त्या वळणावरून टपकते, आत येत नाही. दाराच्या रबरातून नेताना केबल चेपली जात नाही ना ते पाहायचे. रोज दार आपटून ती आतून चपटी होते आणि बाहेरून काही दिसत नाही. पीएल-२५९ कनेक्टरला केबलची जाळी नीट झाळलेली हवी. नुसती दाबून बसवलेली जाळी खड्ड्यांच्या रस्त्यावर महिनाभर टिकते, मग ऐकू येणे खड्ड्यागणिक चालू-बंद होते.

आतापर्यंतचे पाठवण्याला आणि ऐकण्याला सारखेच लागू आहे. अँटेना दोन्हीकडे तशीच वागते. पण ऐकण्याच्या बाबतीत आणखी एक बाजू असते, ती गोंगाटाची. सिग्नल किती आला यापेक्षा तो गोंगाटाच्या किती वर आला हे महत्त्वाचे. आणि गोंगाटाचा कारखाना आपण स्वतःच गाडीत घेऊन फिरतो. शोध असा घ्यावा: रिकाम्या वारंवारतेवर नव्हे, तर एखादे अशक्त, खरखरीत स्टेशन चालू असताना गाडी बंद करावी, मग फक्त किल्ली फिरवावी, मग इंजिन सुरू करावे, मग एसीचा पंखा, मग दिवे. एफएमवर मोकळ्या जागेतला खर्र आवाज सेट स्वतःच काढत असतो, त्यातून काही कळत नाही. अशक्त स्टेशन मात्र कुठल्या बटणाने बुडते ते लगेच समजते. बहुतेक वेळा गुन्हेगार इंजिन नसून लायटरच्या खोबणीतला मोबाईल चार्जर निघतो. त्याच्या आत वीज दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि स्वस्त चार्जरमध्ये तो कचरा गाळायची सोय नसते. डॅशकॅम आणि नंतर बसवून घेतलेले एलईडी हेडलाइट हे त्याचे भाऊबंद. चार्जर उपटला आणि स्टेशन वर आले, तर तो बदलावा किंवा त्याच्या तारेवर फेराइटचा मणी चढवावा. सेटची वीज थेट बॅटरीवरून आणावी, दोन्ही तारांवर फ्यूज घालून. लायटरच्या खोबणीतून घेतली तर अल्टरनेटरची शिट्टी आपल्या आवाजाबरोबर गावभर जाते.

डोंगर आडवा असेल तर यातले काहीच पुरत नाही, हे मान्य करावे. माणूसभर उंचीवरच्या अँटेनाला सपाट जमिनीवर पाच-सहा किलोमीटरवरच रेडिओचे क्षितिज लागते. सिंहगडाचा माथा पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच, तिथून तेच क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे जाते. दूरदर्शनने तिथे मनोरा उगीच बांधला नाही. हॅम लोकांचे रिपीटरही म्हणूनच उंचावर असतात. ते एका वारंवारतेवर ऐकतात आणि ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसरीवर तेच पुन्हा बोलतात. घाटात शिरल्यावर मोठ्या, म्हणजे पाच-अष्टमांश लहरीच्या अँटेनाचा फायदाही बेभरवशाचा होतो. ती आपली शक्ती क्षितिजाकडे दाबून धरते, सपाट मराठवाड्यात त्याचा उपयोग आहे. ताम्हिणीत रिपीटर डोक्यावरच्या कड्याआड असताना लहान काडीचा वर पसरणारा झोत कधीकधी बरा पडतो. शिवाय सव्वा मीटरची काडी झाडांच्या फांद्यांना लागते.

घाटात आणि शहरात आवाज फडफडतो. थेट आलेली लहर आणि कड्यावरून किंवा इमारतीवरून आपटून आलेली लहर कुठे जुळतात, कुठे एकमेकींना मारतात. १४५ मेगाहर्ट्झला अशा दोन मेलेल्या जागांमधले अंतर मीटरभर असू शकते. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे सेकंदाला तितकेच झटके. कानाला ती फडफड म्हणून लागते. म्हणून सिग्नलला उभे असताना समोरचा बुडाला तर अँटेनाला शिव्या न देता गाडी हातभर पुढे घ्यावी. पुष्कळदा तेवढ्याने तो परत येतो.

जिथे खरेच कारागिरी लागते ते काम वेगळ्या पट्ट्यावर आहे. ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. पाव लहर तिथे साडेदहा मीटरची होते, आणि एवढी काडी गाडीवर उभी करायची म्हणजे गुढीपाडव्याची मिरवणूक. मग अडीच मीटरची काडी घेऊन तिच्या पोटात कॉइल घालतात. कॉइलमुळे वारंवारता जुळते, पण हरवलेली लांबी काही परत येत नाही. अशा काडीचा लहरी फेकण्याच्या कामी येणारा रोध एखाद-दोन ते चार-पाच ओहम. कॉइलची तार आणि पत्र्याखालची जमीन मिळून दहा-पंधरा ओहम नुसते तापण्यात घालवतात. शंभरातले दहा-वीस वॅट हवेत गेले तरी नशीब. ऐकण्यात याचा त्रास कमी जाणवतो, कारण ७ मेगाहर्ट्झला आकाशातून येणारा गोंगाटही अँटेनाबरोबर तितकाच घटतो. म्हणून आपल्याला सगळे ऐकू येतात आणि आपण कुणालाच ऐकू जात नाही.

आणि इथे मीटर दुसऱ्यांदा फसवतो. बॉनेट, डिकी, सायलेन्सरचा पाइप हे सगळे तांब्याच्या जाड वेण्यांनी चॅसीला जोडले, की जमिनीतला तोटा उतरतो. सायलेन्सर जोडल्याने इंजिनाचा खरखराटही कमी होतो. पण एकूण रोध पन्नासपासून आणखी खाली जातो आणि एसडब्ल्यूआर १.५ वरून अडीच-तीनवर चढतो. नवखा माणूस घाबरून वेण्या काढून टाकतो. वेण्या तशाच ठेवून काडीच्या बुडाशी, बैठक आणि पत्रा यांच्यामध्ये, जाड तारेच्या काही वेढ्यांची छोटी कॉइल लावावी आणि काडीची टोकाची लांबी किंचित कमी-जास्त करून काटा पुन्हा खाली आणावा. जितका चांगला पत्रा तितका अँटेना जुळण्याचा पट्टा अरुंद होतो. भारतातला ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा, पण चांगली बांधलेली अँटेना त्यातल्या एका छोट्या तुकड्यावरच जुळते आणि वारंवारता बदलली की उतरून टोक सरकवावे लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरामात चालणारी आखूड अँटेना कुणी विकत असेल, तर तो विकत असलेला माल मुख्यतः तोटा आहे असे समजावे.

अशी उंच काडी टपावर न लावता मागच्या बंपरपाशी लावतात, आणि इथे ते बरोबर आहे. टपावर लावली तर जमिनीपासूनची उंची चार मीटरच्या आसपास जाते. रेल्वे फाटकावर २५ हजार व्होल्टची तार असते, खेड्यातल्या रस्त्यावर विजेच्या तारा झुकलेल्या असतात. बंपरवरची काडीही प्रवासात नायलॉनच्या दोरीने वाकवून पुढच्या बाजूला बांधतात आणि थांबल्यावर, वर तार नाही हे पाहूनच, सोडतात.